कुमार-कादंबरी आणि रायगड किनारा

बालपणाचा आश्रय सोडून प्रौढ जीवनाची जबाबदारी स्वीकारणाऱ्या मुलाच्या वाटचालीचे चित्रण करणारी कादंबरी म्हणजे कुमार-कादंबरी. केवळ मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांशी तिची गल्लत होऊ नये. मुलांच्या पुस्तकांत साहस पुष्कळ असते, परंतु पुस्तकाच्या अखेरीस नायक बहुधा आरंभी होता तसाच राहतो. कुमार-कादंबरीत मात्र त्याच्यात पालट होणे आवश्यक असते. घर सुटणे, परमुलखातील कष्ट, एखाद्या वडीलधाऱ्या परक्याचा आधार, स्वतःच्या बळाची ओळख आणि घरी परतणे अथवा न परतणे, हे तिचे सर्वसामान्य टप्पे होत. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्याशी ह्या प्रकाराचा विशेष संबंध आहे. अलिबाग तालुक्यातील थळ ह्या गावी घडणारी अनिता देसाई ह्यांची द व्हिलेज बाय द सी (१९८२, म. शी. समुद्रकाठचे गाव) ही इंग्रजी कादंबरी ह्या प्रकारातील एक महत्त्वाची कृती मानली जाते. एका मुलाचे मोठे होणे आणि एका किनाऱ्याचे औद्योगिक परिवर्तन ह्या दोन घटना तीत परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत.

पार्श्वभूमी : नायकाच्या घडणीची कादंबरी हा प्रकार यूरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाला. गटे ह्याची व्हिल्हेल्म माइस्टरविषयीची कादंबरी (१७९५-९६) ही त्याची आद्य कृती समजतात. जर्मन परंपरेत भर होता तो व्यक्तीच्या आंतरिक विकासावर. इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकिन्झने डेव्हिड कॉपरफील्ड (१८४९-५०) मध्ये त्याला सामाजिक बैठक दिली. कारखान्यात राबणारा, आश्रयासाठी पायी वणवण करणारा मुलगा हा तेव्हापासून गंभीर वाङ्मयाचा विषय ठरला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ट्रेझर आयलंड (१८८३) ने सागरी साहसाची, तर मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनने नैतिक निवडीची जोड ह्या प्रकाराला दिली. औद्योगिक क्रांतीने मुलांना घराबाहेर काढले आणि त्यामुळे हा प्रकार बहरला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जेथे मुलगा वडिलांचाच व्यवसाय त्याच गावी करणार हे ठरलेले असते, तेथे 'मी कोण होणार' हा प्रश्न कथेचा विषय होत नाही. तो प्रश्न उपजीविकेची जुनी घडी मोडू लागल्यावर निर्माण होतो. रायगड किनाऱ्याच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे.

मराठीतील परंपरा : विनायक कोंडदेव ओक ह्यांचे बालबोध (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपटे ह्यांचे आनंद (१९०६) ह्या मासिकांनी मराठीत मुलांसाठी वाचनीय मजकुराची परंपरा घातली. तिचे स्वरूप प्रारंभी मुख्यतः बोधपर होते. ना. धों. ताम्हनकर ह्यांच्या गोट्यामुळे परक्या घरात आश्रय मिळालेला, हुशार व स्वाभिमानी मुलगा मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. भा. रा. भागवत (१९१०–२००१) ह्यांचा 'फास्टर फेणे' म्हणजे बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. त्याच्या साहसकथांनी ह्या नायकाला वेग आणि निर्भयता दिली; मात्र पोट कसे भरावे ही विवंचना फेणेला नाही. बोधकथा व साहसकथा ह्या दोहोंमध्ये मुलाचे घर पायाखाली स्थिर असते, हे गृहीत धरलेले आढळते.

ही स्थिरता ढळल्याचे चित्रण मराठीत प्रभावीपणे झाले ते साने गुरुजींच्या (१८९९–१९५०) श्यामची आई (१९३५) मध्ये. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या ह्या पुस्तकात बेचाळीस रात्रींच्या कथनातून एका कर्जबाजारी होत चाललेल्या खोत घराण्यातील मुलाचे मन घडताना दिसते. त्याची भूमी पालगड (ता. दापोली). श्यामची कसोटी मुख्यतः नैतिक आहे. दारिद्र्य ती निर्माण करते आणि आई तिचा निवाडा करते. श्री. ना. पेंडसे (१९१३–२००७) ह्यांच्या गारंबीचा बापू (१९५२) मध्ये ह्याच दापोली परिसरातील दुसरा मुलगा भेटतो. लहानपणी अवहेलना सोसलेला बापू गावच्या खोतशाहीला शिंगावर घेतो आणि स्वतःच्या कर्तृत्वावर व्यापारात प्रतिष्ठा मिळवतो. श्याम घडतो तो आज्ञेतून, तर बापू बंडातून. दोघांची गावे बाणकोट खाडीच्या दक्षिणेस, रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. खाडीच्या उत्तरेस श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग व उरण ह्या तालुक्यांचा जो किनारा पसरला आहे, त्याच्या वाट्याला मात्र ह्या तोडीचा मराठी कुमार-नायक आलेला नाही.

किनारा आणि त्याचे जीवन : रायगड किनारा मुंबईच्या अगदी समोर आहे आणि त्याचे सारे अर्वाचीन जीवन ह्या सान्निध्याने घडविले आहे. मासे, भाजीपाला, नारळ, सुपारी व मीठ हा माल मुंबईस जाई, आणि मालाच्या मागोमाग माणसेही जात. गिरण्या, गोदी, खानावळी आणि बंगल्यांवरील चाकरी ही ह्या स्थलांतरितांची नेहमीची ठिकाणे होती. रेवस व मांडवा येथून मुंबईस होणारी जलवाहतूक पावसाळ्यात बंद पडे. त्यामुळे ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत किनारा आणि शहर एकमेकांस पारखे होत. होड्या वर ओढून शाकारल्या जात, जाळी विणली व दुरुस्त केली जात आणि उन्हाळ्यात साठविलेल्या सुक्या मासळीवर घर चाले. ज्याच्याकडे होडी नाही त्या घराला हे महिने उधारीचे असत.

ह्या भागाला संघर्षाची परंपराही आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेला संप १९३३ ते १९३९ इतका दीर्घकाळ चालला. खोती १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आली. त्यानंतर एका पिढीच्या अंतराने जमिनीचा प्रश्न निराळ्या रूपात पुढे आला. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे खनिज तेल व वायू सापडला, आणि त्या वायूवर चालणारा खतनिर्मितीचा प्रचंड कारखाना थळ-वायशेत येथे उभारण्याचे ठरले. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ह्या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे तो प्रकल्प आला. शेतजमिनी संपादन होण्याचा, मासेमारीच्या पाण्याचा आणि प्रदूषणाचा प्रश्न उपस्थित करून स्थानिक रहिवासी व मुंबईतील पर्यावरणवादी कार्यकर्ते ह्यांनी त्यास विरोध केला. तथापि प्रकल्प थळ येथेच राहिला आणि १९८५ मध्ये कारखाना सुरू झाला. दरम्यान १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले होते.

द व्हिलेज बाय द सी : अनिता देसाई ह्यांचा जन्म १९३७ मध्ये मसुरी येथे जर्मन आई व बंगाली वडील ह्यांच्या पोटी झाला. फायर ऑन द माउंटन ह्या कादंबरीसाठी त्यांना साहित्य अकादेमीचा पुरस्कार (१९७८) मिळाला होता. तोवरचे त्यांचे लेखन मुख्यतः शहरी स्त्रियांच्या अंतर्मनाचे होते. प्रस्तुत कादंबरी त्यांनी बालवाचकांसाठी लिहिली. थळ हे खरे गाव असून पात्रेही तेथील माणसांवरून बेतलेली आहेत, केवळ नावे बदलली आहेत, असे त्यांनी नमूद केले आहे. लंडन येथून प्रसिद्ध झालेल्या ह्या पुस्तकास १९८३ मध्ये गार्डियन पत्राचा बालसाहित्य-पुरस्कार मिळाला, आणि १९९२ मध्ये बीबीसीने त्यावर आधारित दूरदर्शन-मालिका सादर केली.

कथानक साधे आहे. बारा वर्षांचा हरी आणि तेरा वर्षांची लीला ही दोन भावंडे थळच्या एका झोपडीत आजारी आई, दारूच्या आहारी गेलेले वडील आणि बेला व कमल ह्या दोन धाकट्या बहिणी ह्यांच्यासह राहतात. वडील मासेमारी करीत, परंतु होडी कर्जापायी विकली गेली आहे. हरी व लीला ह्यांची शाळा सुटली आहे. धाकट्या दोघींची सुटू नये ही दोघांची धडपड आहे. कादंबरीच्या आरंभी लीला पहाटे समुद्रावर जाऊन खडकांवर फुले वाहते. पुढील सर्व घटनांना ह्या नित्याच्या, समुद्रावरील श्रद्धेच्या कृतीची पार्श्वभूमी आहे. मुंबईचे डिसिल्व्हा कुटुंब सुटीत 'मोन रेपो' ह्या आपल्या घरी येते तेव्हा मिळणारे किरकोळ काम हेच ह्या घराचे रोख उत्पन्न. गावात कारखाना येणार असल्याची वार्ता पसरते. आपल्याला तेथे नोकरी मिळेल असे हरीला प्रथम वाटते. परंतु कारखान्यातील कामे शिकलेल्या, बाहेरून आणलेल्या लोकांना मिळतील, असे तो ऐकतो. जमीन, मासेमारी आणि कारखाना ह्यांपैकी कशावरही त्याला भरवसा ठेवता येत नाही.

अशा मनःस्थितीत कारखान्याविरुद्ध मुंबईस मोर्चा घेऊन निघालेल्या गावकऱ्यांच्या होडीत हरी बहिणींना न सांगता चढतो. मोर्चाच्या कामात त्याचे मन पूर्ण गुंतलेले नाही. शहरात पाय टाकण्याची ती एक संधी आहे. भाषणे संपतात, गावकरी परततात आणि तो मागे राहतो. डिसिल्व्हांच्या दारी जावे तर ते घरी नाहीत. त्या इमारतीचा पहारेकरी हिरालाल त्याला जग्गूच्या 'श्रीकृष्ण' खानावळीत पोचवितो. तेथे रोजचा एक रुपया आणि दोन वेळचे जेवण ह्या बोलीवर हरी भट्टीच्या धगीत राबतो आणि बाकावर झोपतो. शेजारच्या घड्याळजी पानवाला ह्यांच्या दुकानात तो घड्याळे दुरुस्त करण्याची विद्या शिकतो. परमुलखातील वडीलधाऱ्या आधाराचा जो टप्पा ह्या वाङ्मयप्रकारात येतो, तो येथे ह्या वृद्ध कारागिराच्या रूपाने आला आहे. पानवाला हरीला पैसे देत नाहीत, कसब देतात.

इकडे थळला लीला घर चालविते. डिसिल्व्हांच्या साहाय्याने आईला अलिबागच्या रुग्णालयात दाखल करण्यात येते. वडील तिच्याजवळ राहू लागतात आणि त्यांची दारू सुटते. पावसाळा संपत आल्यावर, नारळी पौर्णिमेच्या सुमारास हरी साठविलेले पैसे व हातातील विद्या घेऊन घरी परततो. कोंबड्या पाळाव्यात आणि पुढे घड्याळे दुरुस्त करावीत, असा त्याचा बेत आहे. कारखाना आला म्हणजे गावात घड्याळे वापरणारी माणसे येतील, हा त्याचा हिशेब आहे. कादंबरीचा शेवट दिवाळीत होतो.

इतिहास आणि कल्पित : ह्या कादंबरीतील घटनांचा वास्तवाशी असलेला मेळ लक्षणीय आहे. काळा घोडा येथील सभेत बोलणारा व पुढे थळला 'मोन रेपो'च्या बागेत सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण करीत बसणारा वृद्ध पक्षितज्ज्ञ सय्यद अली हा डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) ह्यांच्यावरून उभा केला आहे, हे उघड आहे. सालिम अली ह्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीच्या सवयींचा आपला प्रसिद्ध अभ्यास १९३० मध्ये थळच्या उत्तरेस असलेल्या किहीम येथे केला होता. पक्षी ज्याप्रमाणे बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेतात, त्याप्रमाणे माणसालाही जुळवून घ्यावे लागेल, असा विचार हरीच्या कानी ह्याच पात्राकडून पडतो. कारखान्याविरुद्ध लढलेल्या व हरलेल्या माणसाच्या तोंडी हा विचार आहे. म्हणून त्याला उपदेशाचे नव्हे, तर पराभवानंतरच्या समंजसपणाचे मोल येते.

कालगणनेच्या दृष्टीने आणखी एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणी-उद्योग पूर्वस्थितीस आलाच नाही. कोकणातील मुलगा पोट भरण्यासाठी ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेला, ती वाट ह्याच सुमारास बंद होऊ लागली. हरी गिरणीत जात नाही, खानावळीत जातो आणि परत येतो. लेखिकेने हे भाकीत म्हणून योजिले नव्हते. परंतु शहर हा ह्या मुलाचा मुक्काम ठरू शकत नाही, हे कादंबरीने अचूक टिपले आहे. मागच्या पिढीचा चाकरमानी मुंबईतून पैसे पाठवी, हरी मुंबईतून हुन्नर घेऊन येतो. गाव न सोडता मोठे होता येईल काय, हा ह्या कादंबरीचा मूळ प्रश्न आहे आणि किनाऱ्यावरील हजारो घरांपुढे तोच प्रश्न त्या काळी उभा होता.

त्याचे उत्तर सर्वत्र सामोपचाराने मिळाले नाही. थळचा कारखाना उभा राहत असतानाच उरण तालुक्यात नव्या मुंबईसाठी संपादन केलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या प्रमाणात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतर अस्तित्वात आली. कादंबरीतील मोर्चा शांतपणे विरतो, प्रत्यक्षातील मोर्चाला ही किंमत मोजावी लागली.

मूल्यमापन : कादंबरीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. संकटसमयी सुटीस आलेले सधन कुटुंब धावून येते आणि वडिलांचे व्यसन तुलनेने सहज सुटते, ही बालवाचकांसाठी केलेली सोय वाटते. थळच्या कोळी व आगरी समाजांची बोली, त्यांचे कुळाचार व परस्परसंबंध इंग्रजीच्या एकसुरी संवादांत लोपले आहेत. हरीच्या घराची जात, त्याच्या जमिनीच्या तुकड्याचा इतिहास, खोतीची स्मृती ह्यांचा मागमूस नाही. ज्या जिल्ह्यात चरीचा संप झाला तेथील मोर्चाला पूर्वपरंपरा नसावी, ही उणीव स्थानिक वाचकास जाणवते. पेंडशांच्या बापूला गारंबीचा एकेक माणूस पिढ्यांच्या वैरासह ओळखतो. हरीकडे पाहणारी दृष्टी मात्र सहानुभूतीची असली, तरी बाहेरून आलेल्याची आहे.

असे असूनही दोन बाबतींत ही कादंबरी मराठी परंपरेच्या पुढे गेलेली दिसते. पहिली म्हणजे, तिने श्रमाला मुलाच्या घडणीचे केंद्र केले. श्यामच्या कथेत दारिद्र्य संस्काराची परीक्षा घेते, येथे ते वेतन, कामाचे तास, झोपायची जागा आणि शिकलेले कसब अशा मोजता येणाऱ्या गोष्टींतून व्यक्त होते. दुसरी बाब लीलेची. मुलगा जाऊन मोठा होतो तशी मुलगी राहून मोठी होते, आणि तिचे राहणे त्याच्या जाण्याइतकेच कठीण असते, हे दोन्ही कथासूत्रे समांतर ठेवून लेखिकेने दाखविले आहे. हरी परततो तेव्हा परतण्याजोगे घर उरलेले असते ते लीलेमुळे. हा समतोल मुलग्यांच्या साहसकथांत क्वचितच आढळतो.

नंतरच्या मराठी वाङ्मयात कुमारवयाच्या चित्रणाला नवे बळ आले. प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) ह्यांच्या वनवास (१९९४) पासूनच्या चार पुस्तकांतील लंपन आणि मिलिंद बोकील ह्यांच्या शाळा (२००४) मधील मुकुंद हे त्याचे उल्लेखनीय नायक. तथापि दोघेही शाळेत जाणारे आहेत. कामावर जाणाऱ्या किनारपट्टीवरील मुलाची कथा मुख्यतः हरीच्याच नावावर राहिली.

उत्तरकाळ : थळच्या कारखान्याने परिसराचे स्वरूप पालटले. वसाहत, रस्ते आणि पेणपासूनचा मालवाहतुकीचा लोहमार्ग त्यामुळे आला. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये नवे बंदर कार्यान्वित झाले. १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेलगतच्या बांधकामांवर निर्बंध घातले, तरी अलिबाग परिसरात सुटीतील घरांची संख्या वाढतच गेली. कादंबरीत एकटे असलेले 'मोन रेपो' आता अपवाद राहिलेले नाही. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहनांसह जाणारी बोट आणि २०२४ मध्ये शिवडी–न्हावा शेवा सागरी सेतू सुरू झाल्याने किनारा व मुंबई ह्यांतील अंतर आणखी कमी झाले.

कायद्याची दृष्टीही बदलली. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यातील बंदी ऑक्टोबर २००६ पासून खानावळी, उपाहारगृहे व घरकाम ह्यांना लागू झाली. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना, कौटुंबिक व्यवसायातील मदतीसारखे अपवाद वगळता, कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई झाली. आजच्या कायद्यानुसार बारा वर्षांच्या हरीला खानावळीत ठेवणारा जग्गू गुन्हेगार ठरेल आणि हरीची जागा शाळेत असेल. शाळा संपल्यावर मात्र मासेमारी, शेती, कारखाना किंवा पर्यटन ह्यांपैकी कोणता व्यवसाय त्याला गावातच उभे राहू देईल, हा १९८२ मध्ये मांडलेला प्रश्न किनाऱ्यावर अद्यापि कायम आहे. रायगडच्या अर्वाचीन सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून ह्या कादंबरीचे महत्त्व ह्या प्रश्नाच्या मांडणीत आहे.